सेल्फ मारताना खर्रर्र आवाज येतो? रिंग गिअरला हात घालताना या चुका टाळा

ऊस वाहतुकीच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत ट्रक पाच-दहा फूट पुढे सरकतो, बंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करावा लागतो. घाटातून माल आणणाऱ्या ट्रकला दिवसभरात जेवढा सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) लागत नाही, तेवढा या रांगेत उभ्या असलेल्या ट्रकला एका रात्रीत लागतो. त्यामुळे कोल्हापूर परिसरात हंगामाच्या मध्यावर सेल्फची खरखर घेऊन गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्या वाढल्या, तर नवल नाही. अशा वेळी सर्रास होणारी पहिली चूक म्हणजे आवाज नीट न ऐकताच नवा सेल्फ बसवणे.

किल्ली फिरवताच टक-टक-टक असा आवाज येत असेल, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असते. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फच्या तोंडाशी पिनियन (छोटे दातेरी चाक) असलेल्या भागाचा, एकेरी क्लच घसरत असण्याची शक्यता अधिक असते. इंजिन चालू झाल्यावरही किंचाळी थांबत नसेल, तर पिनियन मागे येत नाही असे समजून इंजिन व बॅटरीचा कट-ऑफ स्विच ताबडतोब बंद करावा. लोखंडावर लोखंड घासल्याची खर्रर्र, तीही कधी येते आणि कधी येत नाही, अशी तक्रार असेल तरच संशयाचे बोट रिंग गिअरकडे, म्हणजे इंजिनच्या फ्लायव्हीलवर (जड चाकावर) बसवलेल्या दातेरी कड्याकडे, जाते.

ही ‘कधी येते, कधी नाही’ची गंमत समजून घेण्यासारखी आहे. इंजिन बंद होते ते कुठल्याही जागी नव्हे, तर कॉम्प्रेशनच्या दाबामुळे ठरावीक जागीच थांबते. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा दोन जागा असतात आणि सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन. पिनियन दरवेळी त्याच दात्यांवर आदळत असल्यामुळे रिंग तेवढ्या भागात झिजते आणि उरलेली जवळजवळ नवीच राहते. म्हणून सेल्फ काढल्यावर त्या भोकातून समोर दिसणारे चार दाते पाहून ‘रिंग चांगली आहे’ असा निकाल देणे ही दुसरी चूक होय. बॅटरीची अर्थ केबल (ऋण टोकाची) आधी काढावी, चाकांना उटी (अडसर) लावावी, गाडी न्यूट्रल करावी, हातातला टॉर्च आत धरावा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवावे. जिथे दात्यांच्या कडा गोल झालेल्या, टोके तुटलेली किंवा तोंडाशी चमकदार ओरखडे दिसतील, तिथे खडूची खूण करावी. झिजलेल्या रिंगवर नवे बेंडिक्स बसवले, तर तेही थोड्याच दिवसांत दाते खाऊन बसते आणि खर्च दोनदा होतो.

मात्र दाते खराब दिसले म्हणून रिंग बदलण्यासाठी लगेच गिअरबॉक्स उतरवायला घेऊ नये, कारण दाते कशाने खाल्ले गेले हे शोधल्याशिवाय केलेले काम टिकत नाही. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते केबलकडे. व्होल्टेज कमी पडले की सोलेनॉइड (सेल्फवरचे विद्युतचुंबक) पिनियनला पुढे ढकलतो खरा, पण धरून ठेवू शकत नाही. पिनियन आत-बाहेर थडथडत राहते आणि प्रत्येक थडथडीत दात्यांची टोके उडतात. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना बॅटरीवरचे व्होल्टेज १९ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी तपासावी. त्याच वेळी बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावून एक व्होल्टच्या आसपास तूट दिसली, तर चेसिसवरचा अर्थ केबलचा जोड काढून घासून घट्ट करावा. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तो गंजलेला नसला तरच आश्चर्य. याखेरीज सेल्फचे सैल बोल्ट, झिजलेला पुढचा बुश आणि मागच्या ऑइल सीलमधून गळणारे तेल हीही नेहमीची कारणे आहेत. बेंडिक्सवर सढळ हाताने ग्रीस फासणे टाळावे, कारण क्लचची धूळ त्यात बसून पिनियन अडकते. तसेच ते डिझेलमध्ये बुडवून धुऊ नये, कारण एकेरी क्लचमधले ग्रीस धुऊन जाते.

कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे काहीही घडवून देणारे कारागीर असल्यामुळे तुटलेले दाते वेल्डिंगने भरून घेण्याचा मोह आपल्याकडे जास्त होतो. एखाद-दुसऱ्या दात्यासाठी तात्पुरते ते चालूनही जाईल, पण भरलेल्या दात्याचा कठीणपणा बाकीच्यांसारखा राहत नाही आणि उष्णतेने रिंग वाकण्याचा धोका असतो.

रिंग बदलायची ठरल्यास नव्या-जुन्या दात्यांची संख्या मोजून जुळवावी. गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर क्लच प्लेट, पायलट बेअरिंग आणि मागचे सीलही पाहून घ्यावे. अनेक बीएस-४ व बीएस-६ गाड्यांत फ्लायव्हीलजवळ स्पीड सेन्सर असतो, तो आधी बाहेर काढावा. नवी रिंग तापवून बसवतात आणि नेमकी इथेच सर्वांत महागडी चूक होते. गॅसची ज्योत एकाच जागी धरली, की दाते निळे पडतात आणि निळ्या पडलेल्या दात्याचे पाणी उतरलेले (कठीणपणा गेलेला) असते. रिंग सगळीकडून सारखी, साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंतच तापवावी. तापमान मोजता येणारी भट्टी असेल तर उत्तम. नसेल तर घासून चकचकीत केलेल्या जागेवर फिकट पिवळी झाक दिसताच थांबावे. दात्यांची तिरपी घासलेली बाजू पिनियन ज्या अंगाने येते तिकडे ठेवावी, रिंग फ्लायव्हीलच्या खांद्याला पूर्ण टेकल्याची खात्री करावी आणि तिला आपोआप थंड होऊ द्यावे. पाणी मुळीच ओतू नये. फ्लायव्हीलचे बोल्ट कंपनीच्या मापाप्रमाणे टॉर्क पान्यानेच आवळावेत.

काम झाल्यावर चालकालाही दोन गोष्टी सांगाव्यात. एका वेळी सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये व मधे किमान अर्धा मिनिट थांबावे. गाडी चालू झाली नाही, तर फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा किल्ली फिरवू नये.