एदो किरिको शिकायचंय? मग सुरुवात बिनरंगी काचेवर करा

एदो किरिको, म्हणजे काच कापून नक्षी कोरण्याची तोक्योची कला, म्हटलं की सगळ्यांना ते निळे-लाल चमचमणारे साकेचे, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूचे, ग्लास आठवतात आणि क्लासला आल्या आल्या प्रत्येकाला तोच निळा ग्लास हवा असतो. नवीन येणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, आधी साधी पारदर्शक काच घ्या. इतिहासातसुद्धा हे काम तसंच सुरू झालंय. १८३४ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, कागाया क्यूबेई या काचेच्या व्यापाऱ्याने कुरुंदाच्या पुडीने काचेवर नक्षी कोरली, तिथपासून ही कला धरतात, आणि त्या काळातलं एदोचं काम बहुतेक बिनरंगी काचेवरचंच आहे. पारदर्शक काचेवर रंगीत काचेचा जाड थर ही सात्सुमाची, म्हणजे दक्षिणेकडच्या कागोशिमाची खासियत. तिथल्या सत्ताधारी शिमाझु घराण्याने एदोहून कारागीर नेला, पुढे शिमाझु नारिआकिराने तांब्यापासून लाल काच बनवून घेतली, पण १८५८ मध्ये तो वारला, १८६३ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी कारखाना उद्ध्वस्त केला, मग काही वर्षांत सगळं थांबलं ते थेट १९८५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. मला याचं फार वाईट वाटतं, इतकी सुंदर काच आणि इतकं कमी आयुष्य.

आता प्रत्यक्ष काम. ग्लासवर नक्षी काढून देत नाहीत, फक्त उभ्या-आडव्या मापाच्या रेघा आखतात, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखं, बाकी सगळं डोळ्यांनी आणि हातांनी. फिरतं चाक खाली असतं, त्यावर सतत पाणी, ग्लास वरून टेकवायचा आणि आतल्या बाजूने बघत बघत कापायचं. म्हणूनच गडद रंग अवघड, काळ्या काचेतून चाक दिसतच नाही, तिथे अनुभवी लोकसुद्धा सावकाश जातात. पारदर्शक काचेत आपला कट किती खोल गेला ते लगेच कळतं, हात बसतो तो तिथेच. आधी सरळ रेघा, मग जाळी, मग आसानोहा म्हणजे भांगेच्या झाडाच्या पानाची नक्षी. नानाको, माशाच्या अंड्यांसारखी ती बारीक नक्षी, लांबून सोपी वाटते पण एक रेघ जरा सरकली की अख्खी रांग बिघडलेली दिसते. घाई नको. कापून झाल्यावर दगडी चाकावर गुळगुळीत करायचं आणि शेवटी पॉलिश, हा भाग कंटाळवाणा वाटतो पण सगळी चमक तिथूनच येते.

अभ्यास करणाऱ्यांनी १८८१ हे साल लक्षात ठेवा, तोक्योतल्या शिनागावाच्या सरकारी काचकारखान्यात इमॅन्युएल हाउप्टमन हा इंग्लंडहून आणलेला कारागीर कटिंग शिकवायला आला आणि चाकाचं तंत्र बदललं. त्याआधीचं आणि नंतरचं काम शेजारी शेजारी ठेवून बघा, कटची खोली आणि धार वेगळी दिसते. तोक्योतल्या रोप्पोंगीच्या सनतोरी म्युझियमकडे सात्सुमा किरिकोचा चांगला संग्रह आहे, पण तो कायम मांडलेला नसतो, आधी प्रदर्शन चेक करा. सात्सुमाच्या तुकड्यात कटच्या उतारावर रंग गडदपासून फिका होत जातो, त्याला बोकाशी म्हणतात. एदोच्या आजच्या रंगीत कामात थर पातळ, म्हणून कड एकदम स्वच्छ.

करिअर म्हणून बघत असाल तर जपानी बोलता यायलाच हवं. तोक्योच्या कोतो आणि सुमिदा भागातले बरेच वर्कशॉप छोटे, घरगुती, तिथे इंग्रजीत शिकवायला कोणाला वेळ नसतो. आधी एक दिवसाचा अनुभव-क्लास करा, आवडलं तर नियमित क्लास, आणि शक्य असेल तर तोयामा शहरातल्या काचकला संस्थेसारखा पूर्णवेळ कोर्स बघा, तिथे काच फुंकण्यापासून सगळं शिकता येतं. व्हिसाचे नियम मात्र स्वतः नीट वाचून घ्या, टुरिस्ट व्हिसावर वर्कशॉपमध्ये पगारी काम करता येत नाही.