यूएसबी माइक घेतला, तरी आवाज डब्यातून का येतो? या चुका टाळा

पहिला यूएसबी माइक घरी आला त्या रात्री मी चाळीस मिनिटं एक कथा वाचून रेकॉर्ड केली. ऐकायला बसलो तर आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, आणि मागे लॅपटॉपच्या पंख्याची अखंड घरघर. माइक परत करायचा म्हणून खोकंसुद्धा काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की माइक बिचारा नुसता दिवा लावून उभा होता. रेकॉर्डिंग झालं होतं ते लॅपटॉपच्या पडद्यावर कॅमेऱ्याशेजारी जे टाचणीएवढं भोक असतं, त्यातून.

तेव्हापासून ओळखीत कुणाचा "माइक खराब निघाला" असा फोन आला की मी आधी एकच गोष्ट करायला सांगतो. रेकॉर्ड सुरू करा आणि माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडा. मग लॅपटॉपच्या पडद्याची कड खरवडा. नंतर ऐका. ज्याची खरखर मोठी, त्यातूनच तुमचा आवाज जातोय. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये इनपुटला माइक निवडला म्हणजे काम झालं असं नाही, कारण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इनपुटची यादी वेगळी असते. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर आणखी एक गंमत आहे. ते उघडल्यानंतर माइक जोडला तर यादीत तो दिसतच नाही. बंद करून पुन्हा उघडा, किंवा ऑडिओ सेटअपमधलं 'रीस्कॅन' दाबा.

माइक निवडलाय, पण आलेख सपाट रेघ? मग विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये मायक्रोफोनच्या पानावर जा. तिथे डेस्कटॉप ॲप्सना परवानगी देण्याचं बटण वेगळं आहे आणि ते पानाच्या बरंच खाली दडलेलं असतं. आणि हो, माइकवरचं म्यूटचं बटण. हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं.

माइकचा दिवा लागतो, पण संगणकाला तो दिसतच नाही, अशी तक्रार असेल तर केबल बदला. फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या काही केबलमध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. दिवा लागायला वीज पुरते, आवाज जायला नाही. कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळं एकाच स्वस्त हबवर लोंबकळत असेल तर माइक तिथून काढून थेट संगणकाला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला. बारीक गूं ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करा. गूं गेली तर दोष माइकचा नाही, विजेच्या वाटेचा आहे.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती जागा. बाजारातले बरेच यूएसबी माइक कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणाऱ्या, जातीचे असतात आणि त्यांतले अनेक बाजूने बोलायचे असतात, टोकाकडून नाही. ब्लू यती हे त्याचं नेहमीचं उदाहरण. लोक त्याला आइस्क्रीमच्या कोनासारखा तोंडाकडे आडवा करतात आणि वरच्या गोल टोकात बोलतात. त्याचं तोंड आहे लोगोच्या बाजूला, म्हणून तो उभा ठेवून समोरून बोलायचं. सॅमसन क्यू२यूसारखे डायनॅमिक माइक मात्र टोकाकडूनच ऐकतात, गायकाच्या हातातल्या माइकसारखे. यतीच्या मागे एक खटकाही आहे. त्यावर चार चिन्हं असतात. एकट्याने बोलायचं असेल तर हृदयाच्या आकाराचं, म्हणजे कार्डिऑइड निवडा. गोल चिन्हावर राहिलं तर माइक चारी दिशांनी ऐकतो, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीसुद्धा तितक्याच आवडीने.

अंतर किती? एक वीत, किंवा थोडं कमी. आवाज लहान येतो म्हणून लोक गेन, म्हणजे माइक आवाज किती वाढवून घेतो ते, वाढवतात आणि दोन हात लांब बसून बोलतात. गेन वाढला की आवाजाबरोबर फ्रिज, पंखा, रस्त्यावरची रिक्षा असं सगळंच वाढतं. त्याऐवजी जवळ या. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो. मग नेहमीच्या आवाजात बोलताना मीटरची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये येतील एवढाच गेन ठेवा. तपासताना "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणू नका, त्या वेळी कुणीच खरं बोलत नसतं. मजकुरातलं सर्वात जोरात म्हणायचं वाक्य म्हणा. शून्याला, म्हणजे मीटरच्या वरच्या टोकाला, टेकून फाटलेला आवाज नंतर कितीही खटपट केली तरी पूर्ववत होत नाही. कमी पातळीवर घेतलेला मात्र सहज वाढवता येतो.

गेन नीट लावला आणि दुसऱ्या दिवशी आपोआप बदललेला दिसला, तर संशयित व्हिडिओ कॉलची ॲप्स. त्यांतल्या काहींत माइकची पातळी आपोआप जुळवण्याची सोय आधीपासून चालू असते आणि ती थेट विंडोजचा स्लायडर हलवते. ती बंद करा. तसंच माइकच्या प्रॉपर्टीजमधलं 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. गोंगाट कापायच्या नादात ते शब्दाचा शेवट गिळतं. "वाह" म्हटलं तर "वा" उरतं.

माइक जोडला आणि स्पीकर मुके झाले, हाही नेहमीचा फोन. माइकला हेडफोनची खाच असेल तर विंडोज त्यालाच स्पीकर समजून बसतं. आउटपुट परत बदला, एवढंच. पण त्या खाचेत हेडफोन जरूर लावा. तिथे स्वतःचा आवाज उशीर न होता ऐकू येतो. सॉफ्टवेअरमधून ऐकलं तर तो किंचित मागून येतो आणि माणूस बोलताना अडखळायला लागतो.

मराठीची एक खास अडचण आहे. प आणि ब तर फुटतातच, पण आपल्याकडे फ आणि भ ही आहेत. "भाऊ, फुलं आण" हे वाक्य माइकच्या अगदी समोर म्हणा, दोन ठिकाणी धप्प वाजेल. पॉप फिल्टर, म्हणजे तोंड आणि माइक यांच्यामध्ये धरायची पातळ जाळी, लावा. नसेल तर माइक ओठांच्या रेषेतून थोडा बाजूला सरकवा, म्हणजे हवेचा झोत शेजारून जाईल.

उरली खोली. उघड्या भिंती, फरशी, काचेची खिडकी असेल तर महागडा माइकही डब्यातूनच बोलेल. फोमचे तुकडे विकत घेण्याआधी कपड्यांचं कपाट उघडा, त्याच्याकडे पाठ करून बसा आणि समोर दोरीवर गोधडी टाका. पाठ कपाटाकडे असण्याचं कारण असं की माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या मागून परत येणारा आवाज त्यात आधी शिरतो. पंखा बंद करा, आणि बोलण्याआधी पाच सेकंद गप्प राहून नुसती खोली रेकॉर्ड करा. नंतर गोंगाट कमी करताना ऑडॅसिटीला नमुना म्हणून तोच तुकडा दाखवायचा असतो.

पावसाळ्यात एकदा माझ्या माइकने अचानक तेल तापल्यासारखं तडतडायला सुरुवात केली. केबल बदलली, पोर्ट बदलला, काही फरक नाही. कंडेन्सर माइकला दमट हवा सोसत नाही. शेवटी तो झाकणाच्या डब्यात घातला, आणि नव्या चपलांच्या खोक्यात निघतात त्या सिलिका जेलच्या चार पुड्या शेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तडतड नव्हती. आता जून ते सप्टेंबर तो त्याच डब्यात राहतो, डब्यावर आईने "शेव" लिहिलेलं अजून तसंच आहे.