प्रवासाचा क्रेट: मापापासून सवयीपर्यंत

पाळीव प्राण्याला प्रवासात नेण्याच्या पेटीच्या, म्हणजे क्रेटच्या बाबतीत पहिली चूक दुकानात होते आणि दुसरी त्याच संध्याकाळी घरी. दुकानात वजन बघून क्रेट उचलला जातो. घरी आल्यावर प्राण्याला आत ढकलून दार लावून 'राहतोय का' ते पाहिलं जातं. पहिली चूक पैसे खर्च करून सुधारता येते. दुसरी निस्तरायला आठवडे जातात.

वजन हे क्रेटचं माप नव्हे. 12 किलोचा डॅक्सहुंड जातीचा कुत्रा लांबलचक आणि बुटका असतो, तेवढ्याच वजनाचा व्हिपेट जातीचा कुत्रा उंच आणि शिडशिडीत. दोघांना एकच क्रेट बसणार नाही. म्हणून आधी टेप घ्या. प्राणी चारही पायांवर सरळ, मान नेहमीसारखी वर ठेवून भिंतीशेजारी उभा असला पाहिजे. बसलेल्या किंवा झोपलेल्या प्राण्याचं माप कामाचं नाही. टेप पाठीच्या वळणावरून फिरवू नका. भिंतीवर पेन्सिलच्या खुणा करून त्यांच्यातलं सरळ अंतर मोजलं की माप अचूक येतं.

चार मापं लागतात: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी (शेपटी धरायची नाही), जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतची किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंतची उंची, यातली जी जास्त असेल ती. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा हिच्या नियमांत यावरून क्रेट ठरवण्याचं साधं गणित आहे. अंगाच्या लांबीत कोपराच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा, ती क्रेटची लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. डोक्याची किंवा कानांची उंची अधिक अंथरुणाची जाडी, ही उंची. समजा कुत्रा 70 सेंमी लांब, कोपर 32 सेंमीवर, खांदे 22 सेंमी आणि कान 62 सेंमीवर; अंथरूण 4 सेंमी जाड. मग क्रेट आतून किमान 86 सेंमी लांब, 44 सेंमी रुंद आणि 66 सेंमी उंच हवा. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांसाठी यात आणखी 10 टक्के धरा. त्यांना श्वास घ्यायला मुळातच जास्त कष्ट पडतात आणि बऱ्याच विमान कंपन्या त्यांना सामानकक्षातून नेतही नाहीत.

ही सगळी मापं आतली आहेत. लेबलवर मात्र बहुतेक वेळा बाहेरचं माप छापलेलं असतं, आणि प्लास्टिकचा क्रेट तळाशी निमुळता होत गेलेला असतो. दुकानात टेप आत घालून तळ मोजा.

'थोडा मोठा घेऊ, ऐसपैस बसेल' हा मोह टाळावा. गाडीने करकचून ब्रेक मारला की मोठ्या क्रेटमधला प्राणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळतो. उभं राहता येणं, जागच्या जागी वळता येणं आणि नेहमीच्या ढबीत पाय पसरून झोपता येणं, एवढं पुरे. वाढत्या पिल्लासाठी मोठा क्रेट घेतलाच, तर घट्ट बसणाऱ्या फळीने मागची जागा अडवा.

आता प्रकार. कापडी कॅरिअर, म्हणजे हातात धरून न्यायचा छोटा क्रेट, मांजर किंवा लहान कुत्र्याला विमानाच्या केबिनमध्ये सीटखाली नेण्यापुरता ठीक. त्याची चेन (झिप) आतून नाकाने उघडता येते, म्हणून तिला छोटा हुक आहे ना ते बघा. तारेचा घडीचा क्रेट घरात उत्तम, पण विमानाच्या सामानकक्षात चालत नाही आणि अपघातात चेपतो. लांबच्या प्रवासाला कडक प्लास्टिकचा, दोन अर्ध्या भागांचा क्रेट सगळ्यात भरवशाचा. तो घेताना दाराकडे नीट बघा, कारण गडबड तिथेच होते. दार धातूचं हवं, वरच्या आणि खालच्या खिट्या चौकटीच्या भोकांत खोलवर गेल्या पाहिजेत. दार लावून हाताने जोरात बाहेर ओढा आणि एका कोपऱ्यातून तिरकं वाकवून पाहा. खिटी निसटली तर तो क्रेट नको. जाळीतून पंजा बाहेर येऊन अडकणार नाही, इतकी ती बारीक हवी. दोन भाग जोडणारे प्लास्टिकचे खटके विमानासाठी पुरत नाहीत, तिथे धातूचे नट-बोल्ट लावावे लागतात. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी चारही बाजूंना हवेच्या फटी हव्यात. चाकं असतील तर ती काढता आली पाहिजेत.

मांजरासाठी वरूनही उघडणारा किंवा वरचा अर्धा भाग चटकन निघणारा कॅरिअर घ्या. याचं खरं महत्त्व दवाखान्यात कळतं. घाबरलेल्या मांजराला छोट्या दारातून ओढून काढायला गेलं की ते चारही पंजे चौकटीला रोवतं. वरचं झाकण काढलं, तर ते आपल्याच अंथरुणावर बसलेलं असताना पशुवैद्य तपासू शकतात. दोन मांजरं असतील तर दोन कॅरिअर, मग घरी ती कितीही गळ्यात गळे घालून झोपत असोत.

आता सवय. कुत्र्यासाठी दोन ते चार आठवडे, मांजरासाठी चार ते सहा आठवडे हाताशी ठेवा. क्रेट घरातल्या वावराच्या खोलीत, भिंतीला टेकवून ठेवा. दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवा. शक्य असेल तर वरचा भागही काढा. उरलेलं तबकडं प्राण्याला पिंजरा वाटत नाही. आत त्याचंच जुनं, न धुतलेलं अंथरूण घाला आणि खाली घसरणार नाही अशी रबरी चटई. डगमगणाऱ्या क्रेटमध्ये एकदा पाय घसरला, की तो बरेच दिवस लक्षात राहतो.

रोजचं जेवण क्रेटजवळ द्यायला सुरुवात करा. पहिल्या दिवशी वाटी क्रेटच्या तोंडाशी, मग प्रत्येक जेवणाला चारेक बोटं आत. नजर मागच्या पायांवर ठेवा. मागचे पाय बाहेर रोवून, मान ताणून खात असेल, तर तो पळायच्या तयारीत आहे. पुढच्या वेळी वाटी परत मागे आणा. चारही पाय आत आणि शेपटी सैल दिसली की पुढे जा. मग वरचा भाग बसवा, दोन दिवसांनी दार. दार दोरीने बांधून उघडंच ठेवा. ते अचानक हलून अंगावर आपटलं तर आतापर्यंतची मेहनत पाण्यात जाते.

दार बंद करणं हाच नाजूक टप्पा. प्राणी आत खात असताना दार नुसतं ढकला, कडी न लावता. दोन सेकंदांत उघडा. असं पाच-सहा वेळा. मग कडी लावा. खिटीचा तो 'खट्' आवाज बऱ्याच प्राण्यांना दचकवतो, म्हणून आवाज झाल्याबरोबर जाळीतून खाऊचा तुकडा द्या आणि त्याचं चावणं संपायच्या आत दार उघडा. दोन-तीन दिवसांत 'खट्' ऐकून तो जाळीकडे तोंड आणतो. मग वेळ वाढवा, पण चढत्या क्रमाने नको: 5 सेकंद, 10, 3, 20, 8, असं. दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबावं लागतं हे त्याला लगेच समजतं आणि तो आत जायलाच कां-कूं करू लागतो. अर्धा तास शांत बसला, तुम्ही खोलीबाहेर गेल्यावरही, की घरातलं काम झालं.

'रडला तरी दार उघडू नका' हा सल्ला सरसकट देतात, तो अर्धवट आहे. हलकी कुरकुर असेल तर क्षणभर शांत होण्याची वाट बघून उघडणं बरोबर. पण लाळ गळतेय, गरम होत नसतानाही धापा टाकतोय, जाळी चावतोय, नखांनी दार ओरबाडतोय, तर ती भीती आहे. लगेच उघडा आणि दोन टप्पे मागे या. भीतीत कोंडून ठेवलेला प्राणी दात आणि नखं मोडून घेतो.

पुढचा टप्पा हालचालीचा आणि तो बहुतेक जण विसरतात. लहान कॅरिअर वरच्या मुठीने धरून झुलवत नेऊ नका. तळाखाली हात घालून छातीशी धरा. आधी नुसता उचला आणि ठेवा, मग खोलीत चार पावलं, मग बंद गाडीत पाच मिनिटं, मग इंजिन सुरू करून, मग एक छोटा फेरा. लहान कॅरिअर पुढच्या सीटच्या मागे खाली, जमिनीवर घट्ट बसवा; एअरबॅगसमोर कधीच नको. मोठा क्रेट मागच्या सीटच्या पाठीला भिडवून पट्ट्यांनी आवळा. मांजराचा कॅरिअर पातळ कापडाने झाका, हवेच्या फटी मोकळ्या ठेवून.

प्रवासाच्या दिवशी हलकं जेवण निघायच्या चार ते सहा तास आधी, पाणी मात्र शेवटपर्यंत. ससा असेल तर त्याला उपाशी ठेवू नका. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं, क्रेटमध्ये वाळलेलं गवत हवंच. आत सोडताना कुत्र्याचा गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) काढा, कारण तो जाळीत अडकून फास बसू शकतो. तळाला शोषक पॅड, एक जादा पॅड बाहेरच्या पिशवीत. विमानात पाण्याची वाटी दाराला बाहेरून भरता येईल अशी अडकवतात. आदल्या रात्री तिच्यात बर्फ गोठवला तर चढवताना पाणी सांडत नाही आणि वाटेत हळूहळू वितळतं. वर 'जिवंत प्राणी' असं किमान 2.5 सेंमी उंच अक्षरांत आणि बाजूंना वरची दिशा दाखवणारे बाण लागतात. दाराला कुलूप नको, आणीबाणीत ते उघडता आलं पाहिजे.

गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. त्याने रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराचं तापमान सांभाळणं अवघड होतं. अशा प्राण्याला विमान कंपन्या नाकारूही शकतात. पशुवैद्यांनी भीती कमी करणारं काही दिलं, तर त्याचा पहिला डोस घरीच, प्रवासाच्या काही दिवस आधी देऊन बघा.

परत आल्यावर क्रेट धुवा, पण फिनाईलने नको. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात, आणि अमोनियाच्या वासावर तर ती पुन्हा तिथेच लघवी करतात. मूत्राचे डाग काढणारा एन्झाइमयुक्त क्लीनर वापरा, उन्हात वाळवा. मग क्रेट माळ्यावर टाकू नका. माळ्यावरून फक्त दवाखान्याच्या दिवशी खाली येणारा क्रेट बघताच मांजर पलंगाखाली गडप होतं. दार काढून, अंथरूण घालून तो परत त्याच भिंतीशी ठेवा आणि अधूनमधून आत खाऊचा एखादा तुकडा टाकत राहा.