जुनी ऐतिहासिक कादंबरी वाचायची कशी, माझी पद्धत

आमच्या गोव्यात पावसाळा म्हणजे वाचनाचा सीझन, तेव्हा एक जाड ऐतिहासिक कादंबरी घ्याच. नवीन विकत घ्यायची गरज नाही, पणजीला पाट्टोवर सेंट्रल लायब्ररी आहे, 1832 सालची संस्था, तिथे मराठी विभागात आरामात फिरा. पहिली पन्नास पानं जड जातात, भाषा जुनी असते, सोडू नका, मोठ्यानं वाचून बघा, कानाला लय सापडली की पुढे पानं आपोआप पळतात.

सोबत नकाशा ठेवा. हे मला सगळ्यात आवडतं. संभाजी महाराजांची 1683 ची गोव्याची स्वारी वाचत असाल तर जुवें बेट कुठे, मांडवी कुठे ते बघा, आणि जमलं तर रविवारी तिथे जाऊनच या, मग तेच प्रकरण परत वाचा, अंगावर काटा येतो खरंच!

रहस्यकथा मध्ये मध्ये घ्या, पण शेवटचं पान आधी बघायचं नाही म्हणजे नाही.

स्वतःची जुनी पुस्तकं असतील तर कपाट भिंतीला चिकटवू नका, ओल लागते, कसर होते. उघाड मिळाली की पुस्तकं सावलीत वाऱ्याला उभी ठेवा, कडक उन्हात नको, कागद पिवळा पडतो.