जुन्या कॅम्पर व्हॅनला अधिक ताकदीचे इंजिन बसवताना

बजाज टेम्पोने 1987 मध्ये आणलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या जुन्या गाड्या विकत घेऊन त्यांत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवणारी हौशी मंडळी ठाणे आणि नवी मुंबईत दिसतात. अशी गाडी घोडबंदर रस्त्यावर कुरकुर करत नाही. मात्र कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर आली, की मालकाच्या मनात मोठ्या इंजिनाचा विचार घोळू लागतो. हे काम करता येते, पण त्याची सुरुवात गॅरेजमध्ये न करता कागदावर करावी लागते.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही हीच भूमिका ठाम केली. विनापरवानगी बदलासाठी कलम 182-अ अन्वये प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे दुसऱ्याच कंपनीचे दणकट इंजिन बसवून नंतर बघून घेऊ, हा सल्ला कितीही अनुभवी मिस्त्रीने दिला तरी तो ऐकू नये. विचार करण्याजोगा पर्याय एकच उरतो, आणि तो म्हणजे त्याच कंपनीने त्याच घराण्यातील गाडीला स्वतः बसवलेले इंजिन. तेही इंजिन खरेदी करण्यापूर्वी, गाडी एमएच 04 ची असेल तर ठाण्याच्या आणि एमएच 43 ची असेल तर नवी मुंबईच्या आरटीओकडे दोन्ही इंजिनांच्या तपशिलासह लेखी अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी. परवानगी नाकारली गेली, तर असलेले इंजिन नीट बांधून घेणे हाच मार्ग राहतो, आणि पुष्कळदा तो पुरेसाही ठरतो.

तो पुरेल की नाही हे आकडेमोड करून आधी पाहावे. गाडी भरलेल्या टाक्या, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या आणि नेहमीच्या माणसांसह तुर्भे किंवा कळंबोलीच्या वजनकाट्यावर नेऊन खरे वजन घ्यावे. कॅम्परमालकांना आपल्या सामानाचे वजन नेहमीच कमी वाटते, आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो हे टाकी बसवताना कोणाच्या लक्षात राहत नाही. समजा, वजन 3,500 किलो भरले. सहा टक्के चढावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जायचे तर चढ, चाकांचा घर्षणरोध आणि हवेचा रोध मिळून चाकांपाशी सुमारे 31 किलोवॉट लागतात, म्हणजे गिअर आणि डिफरेन्शिअलमधील घट धरून इंजिनाकडून सुमारे 50 अश्वशक्ती. तोच चढ ताशी 60 ने चढायचा तर हा आकडा सुमारे 80 वर जातो. जुन्या ट्रॅव्हलरमधील मर्सिडीज परवान्यावरचे, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले 2.4 लिटरचे ओएम 616 इंजिन चांगल्या स्थितीत असेल, तर पहिली गरज ते भागवते. भागवत नसेल, तर दोष इंजिनाच्या आकाराचा नसून त्याच्या झिजेचा असतो. म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासावे. या इंजिनात ते निरोगी असताना 22 ते 24 बार असते, आणि सिलिंडरांमधील फरक 3 बारपेक्षा जास्त असू नये. त्यासोबत इंधनाचा पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून घ्यावेत, क्लच घसरतो का आणि एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतो का, हेही पाहावे. हे सारे ठीक असूनही ताशी 60 ची अपेक्षा असेल, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

पर्याय म्हणून समोर येते ते फोर्सचे, म्हणजे नाव बदललेल्या त्याच बजाज टेम्पोचे, 2,596 सीसीचे टर्बो इंजिन. त्यातही कॉमन रेलचे (संगणकाच्या नियंत्रणाने इंधन फवारणारे) घ्यायचे, तर सुटे इंजिन मुळीच घेऊ नये. गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक), संपूर्ण वायरिंग, अॅक्सिलरेटरचे पेडल, किल्लीचा संच, इंटरकूलर (टर्बोतून येणारी तापलेली हवा गार करणारा) आणि इंधनाचे फिल्टर हे सर्व एकाच गाडीतून निघालेले असावे, कारण एक सेन्सर दुसऱ्या वर्षाच्या गाडीचा निघाला तरी दोष शोधण्यात आठवडे जातात. बीएस-6 गाडीचे इंजिन या कामासाठी टाळावे. त्याची धूर शुद्ध करणारी यंत्रणा जुन्या सांगाड्याखाली नीट बसवणे हे स्वतंत्र आणि खर्चिक काम आहे. जुने इंजिन भंगार बाजारातून घेताना ज्या गाडीतून ते काढले तिचा चॅसिस क्रमांक, नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन क्रमांक लिहिलेले बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इंजिन क्रमांक घासलेला दिसला, तर तिथून निघून यावे.

गाडी कामाला लावण्यापूर्वी गॅस सिलिंडर उतरवून ठेवावा आणि घरगुती वापराच्या बॅटरीसह सर्व बॅटऱ्यांची जोडणी सोडावी, कारण या कामात वेल्डिंग होणारच. जुने इंजिन काढण्याआधी क्रँकशाफ्टची मध्यरेषा चॅसिसच्या दोन्ही पट्ट्यांपासून किती अंतरावर आणि किती उंचीवर आहे, तसेच इंजिनाचा मागे उतरता कोन किती आहे, हे मोजून चॅसिसवरच पक्क्या खुणा कराव्यात. नव्या इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ते ज्यांवर टेकते ते आधार, याच मापांवर उभे राहते. इंजिन चेन पुलीवर लटकवून ठेवून ब्रॅकेट आधी टाके मारून बसवावेत. ऑइल चेंबर आणि पुढचा अॅक्सल यांच्यामध्ये स्प्रिंग पूर्ण दबल्यावरही मोकळी जागा राहते, याची खात्री झाल्यावरच पक्के वेल्डिंग करावे. ब्रॅकेट आणि अॅडॅप्टरचे लेथकाम वागळे इस्टेट किंवा महापे परिसरातील कार्यशाळांत करून मिळते, मात्र नकाशा मापांसह आपणच द्यावा.

इंजिन-गिअरबॉक्सची एकत्रित लांबी बदलली, की प्रोपेलर शाफ्ट (मागच्या अॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) कापून जोडावा लागतो आणि तो डायनॅमिक बॅलन्सिंग करूनच बसवावा लागतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (शाफ्टच्या वळत्या सांध्यांचे) कोन सारखे नसतील, तर ताशी 60 च्या आसपास गाडीच्या तळातून घरघर येते आणि लोक उगाच टायर बदलत बसतात. वाढलेला टॉर्क अखेर मागच्या क्राऊन-पिनियनवर, म्हणजे डिफरेन्शिअलच्या दंतचक्रांवर, येतो; मूळ अॅक्सल त्या इंजिनासोबत कंपनीने वापरला होता का, हे सुट्या भागांच्या क्रमांकांवरून पडताळावे, आणि नसेल तर अॅक्सलही बदलण्याच्या खर्चाची तयारी ठेवावी.

थंडावा ही दुसरी मोठी बाब. रेडिएटर नव्या इंजिनाचाच घ्यावा, पंख्याभोवतीचे आवरण वगळू नये आणि इंटरकूलरला समोरून येणारी हवा सरळ मिळेल अशी जागा द्यावी. टर्बोची उष्णता केबिनमधील इंजिनाच्या झाकणाखाली साठते, म्हणून तिथे उष्णतारोधक थर आणि पत्र्याचे कवच आवश्यक आहे. ईसीयू मात्र चालकाच्या आसनाच्या पातळीइतका उंच बसवावा आणि हवा खेचणारे तोंडही वर घ्यावे, कारण आपल्याकडे जुलैमध्ये पुलाखालच्या रस्त्यावर साचलेले पाणी किती खोल आहे, हे आत शिरल्यावरच कळते.

ब्रेकच्या बाबतीत एक गोष्ट सहज राहून जाते. डिझेल इंजिनाच्या हवा आत घेण्याच्या मार्गात ब्रेक बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) पुरेशी निर्वात ओढ तयार होत नाही, ती वेगळ्या व्हॅक्यूम पंपातून मिळते. त्यामुळे नव्या इंजिनाचा पंप, त्याचा पाइप आणि एकदिशा झडप बूस्टरला नीट जोडली आहे की नाही, हे पाहावे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबावे आणि पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे; पेडल किंचित खाली गेले, तर जोडणी बरोबर आहे. गाडी चढायला वेगवान झाली तरी उतरायची ती याच ब्रेकवर, म्हणून लायनर, होज आणि ब्रेक ऑइल याच वेळी नवे घालावे.

प्रथम सुरू करताना इंधन बंद ठेवून, स्टार्टर थांबत थांबत थोडा वेळच मारून ऑइलचा दाब येऊ द्यावा, आणि सुरू झाल्यावर टर्बोला ऑइल पोहोचेपर्यंत रेस करू नये. पहिल्या फेऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्यासारख्या सपाट मार्गावर, रिकाम्या गाडीने माराव्यात. त्यानंतर फाउंडेशनचे आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळावेत. सुमारे 500 किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलून, मगच पूर्ण वजनाने घाट गाठावा, आणि घाटात तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकू लागला तर गाडी बाजूला घेऊन कारण शोधावे.

बदल केल्यापासून चौदा दिवसांच्या आत तो आरटीओला कळवून नोंदणी प्रमाणपत्र आणि शुल्क जमा करावे, म्हणजे नवा इंजिन क्रमांक त्यावर चढतो. ती नोंद झाल्यावर तिची प्रत जोडून विमा कंपनीकडून पॉलिसीतील इंजिन क्रमांक बदलून घ्यावा आणि नव्याने पीयूसी काढावी. हे होईपर्यंत गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये, कारण अपघात झाल्यास विम्याच्या सर्वेक्षकाच्या पहिल्या तपासण्यांत इंजिन क्रमांक असतोच.