खचणाऱ्या जमिनीवर पाणी मोजताना

भूजलशास्त्रात एम.एस. झालं आणि कॅलिफोर्नियात नोकरी लागली, तेव्हा वाटलं होतं की आता एसीत बसून मॉडेलं चालवायची. पहिले चार महिने गेले सॅन वॉकीन खोऱ्यातल्या बदामाच्या बागांत, पोलादी टेप आणि सुतारकामाचा निळा खडू घेऊन.

टेपच्या टोकाकडच्या काही फुटांना खडू फासायचा, ती बोअरमध्ये सोडायची, केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपच्या) काठाशी पूर्ण फुटाची खूण धरायची आणि वर ओढायची. भिजलेला खडू गडद दिसतो. धरलेल्या आकड्यातून ओल जिथवर आली तो आकडा वजा केला की काठापासून पाणी किती खोल ते कळतं. लगेच पुन्हा मोजायचं; ०.०२ फुटांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. या टेपवर फुटाचे दहा भाग असतात, बारा नव्हे. आपल्या डोक्यातले इंच गाडीतच ठेवून या.

मी चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी. पातळी जमिनीपासून नोंदवायची, म्हणून काठाची उंची वजा करावी लागते. ती मी जुन्या फाइलीतून उचलली: १.२ फूट. जागेवर काठ जवळजवळ दोन फूट वर होता. केसिंग जागच्या जागी होती, भोवतालची जमीन खाली गेली होती! आठवडाभराचे आकडे पुन्हा घ्यावे लागले.

पुण्यात शिकताना आपल्या नजरेत बेसाल्ट बसलेला असतो. पाणी मुरुमात नाहीतर भेगांत, आणि ते उपसलं तरी पाषाण हलत नाही. इथे मात्र शेकडो फूट गाळ. उपसा वाढला की चिकणमातीच्या थरांतला पाण्याचा दाब घटतो, कण दाबून बसतात आणि पुढे कितीही पाऊस झाला तरी बहुतेक तसेच राहतात. याच खोऱ्यातल्या मेंडोटा गावाजवळ १९२५ ते १९७७ या काळात जमीन सुमारे २८ फूट खचली. खांबावर त्या त्या वर्षी जमीन कुठवर होती ते दाखवणाऱ्या पाट्या आणि पायथ्याशी उभे भूजलतज्ज्ञ जोसेफ पोलंड, हा फोटो इंटरव्ह्यूला जाण्याआधी नीट बघून ठेवा.

कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या भूजल कायद्यामुळे स्थानिक यंत्रणांना आराखडे करावे लागतात, त्यामुळे कामं आहेत. जीआयएस (संगणकावर नकाशे करायची प्रणाली) सगळ्यांनाच येतं. पिकअप चालवता येते का, हे आधी विचारतात.

शेतकऱ्याला मुख्य प्रश्न एकच: पंप कधी बंद केला? ‘आत्ताच’ म्हणाला तर पाणी अजून पूर्वपातळीला आलेलं नसतं; पुढच्या बोअरकडे निघा, संध्याकाळी परत या. कुत्रं बांधलंय का, हे मात्र फाटकाबाहेरूनच विचारायचं.