मॅच बघताना आवाजाचा झोपाळा कसा थांबवायचा

षटक संपलं की जाहिरात कानठळ्या बसवते. षटक सुरू झालं की समालोचक विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं. आपण आवाज वाढवावा, तेवढ्यात षटकार जातो, प्रेक्षक किंचाळतात आणि माजघरातून हाक येते, "मेल्या, आवाज कमी कर!" देवगडपासून आचऱ्यापर्यंत ओळखीपाळखीच्या बऱ्याच घरांत टीव्हीसमोर उकिडवा बसून मी हे दुखणं निस्तरलंय. साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) विकत घेणं हा त्यावर उपाय नाही. फॅक्टरी रिसेट तर नाहीच नाही. रिसेट केल्यावर तासभर वायफायचा पासवर्ड शोधत बसाल आणि आवाज होता तसाच राहील.

सुरुवात सेट-टॉप बॉक्सपासून करा. बॉक्सला स्वतःचा वेगळा आवाज असतो. बॉक्स एचडीएमआय केबलवर असेल तर तो आवाज पूर्ण वाढवून ठेवा आणि नंतर त्याला हात लावू नका. लाल-पांढऱ्या पिनांची जुनी वायर असेल तर पाऊणपर्यंतच ठेवा, कारण पूर्ण केला की कधीकधी आवाज फाटतो. यापुढे कमी-जास्त फक्त टीव्हीच्या रिमोटनं करायचं. बॉक्स अर्ध्यावर आणि टीव्ही चाळीसवर असा संसार चालू असला की बॉक्स सोडून टीव्हीतल्याच एखाद्या ॲपवर गेल्याक्षणी घर हादरतं. निम्म्या घरांची तक्रार एवढ्यावरच मिटते.

मग टीव्हीचा साउंड मोड 'स्टँडर्ड' करा. 'स्टेडियम' किंवा 'स्पोर्ट्स' मोड कोणी सुचवला तर हसून सोडून द्या. तो मोड प्रेक्षकांचा गलका पसरवतो आणि समालोचकाला त्यात बुडवतो. आपल्याला नेमकं याच्या उलट हवंय. सराउंडसारखं काही दिसलं तर तेही बंद.

आता खरी मेख. इथे मी स्वतः दोन वर्षं चुकत होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

2023 चा आशिया चषक. अंतिम सामना 17 सप्टेंबरला, गणपती 19 ला. मुंबईहून चाकरमानी भाऊ सामन्याच्या आदल्या दिवशीच आला होता, सोबत साउंडबार. त्यानं हौसेनं तो जोडला आणि बारवरचा आवाज सपाट करणारा पर्याय लावून टाकला. टीव्हीवर 'ऑटो व्हॉल्यूम' मी आधीच लावलेलं होतं. बॉक्सच्या मेनूतही तसलंच काहीतरी चालू होतं. सिराजनं एका षटकात चार बळी घेतले, आणि प्रत्येक बळीला प्रेक्षक ओरडले की आवाज धपकन खाली जायचा, मग दोन सेकंदांनी हळूहळू वर यायचा. बाद कोण झाला ते आम्ही पडद्यावर वाचत होतो. मी मेनूत शिरलो. मेनूतून बाहेर येईपर्यंत श्रीलंका 50 धावांत गारद. आपली फलंदाजी 6.1 षटकांत आटोपली, तरी माझा आवाज काही जुळला नाही.

हे का होतं ते समजून घ्या. आवाज सपाट करणारी सोय म्हणजे यंत्राच्या आत बसलेला एक माणूस समजा, ज्याचा हात सतत रिमोटवर आहे. मोठा आवाज आला की तो दाबतो, शांतता झाली की वाढवतो. बातम्यांना हे चालतं. मॅचमध्ये गलका आणि समालोचन एकाच वेळी असतं, त्यामुळे गलका दाबताना समालोचकही दाबला जातो. पुढे गोलंदाज चालत परत जात असताना नुसती कुजबुजसुद्धा वर चढते. अशी तीन माणसं एकामागोमाग एक बसवली तर एकानं दाबलेलं दुसरा वाढवतो आणि तिसरा पुन्हा दाबतो. पडवीतल्या झोपाळ्याला तिघांनी तीन बाजूंनी झोके द्यावेत, तसं.

म्हणून नियम एकच: आवाज सपाट करायचं काम एकाच ठिकाणी. साउंडबार असेल तर बारवर, नसेल तर टीव्हीवर. बाकी सगळीकडे बंद. नाव कंपनीनुसार बदलतं: ऑटो व्हॉल्यूम, व्हॉल्यूम लेव्हलर, एव्हीएल, नाइट मोड. टीव्ही, बॉक्स, बार आणि टीव्हीला खोचायची स्ट्रीमिंग स्टिक असल्यास तीही, अशा प्रत्येकाच्या आवाजाच्या मेनूत जाऊन बघा. "माझ्याकडे असलं काही नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे मला निदान एक तरी सापडलंय. दोन पातळ्या मिळत असतील तर 'लो' घ्या. 'हाय' घेतलंत तर झोपाळा परत सुरू.

याच मेनूत दुसरा चोर असतो, डॉल्बी. मिरवणुकीतला नव्हे, अनेक स्पीकरांसाठी आवाज वेगवेगळा पाठवण्याची पद्धत. डॉल्बी वाईट नाही, तुमच्या टीव्हीला स्पीकर दोनच आहेत हा प्रश्न आहे. डॉल्बीच्या 5.1 प्रकारात आवाज सहा वाटांनी येतो आणि समालोचन बहुधा मधल्या वाटेनं. टीव्ही त्या सहा वाटा दोन स्पीकरांत कोंबतो, त्यात समालोचन बारीक होतं आणि गलका भरून राहतो. त्यातून डॉल्बीचा आवाज बऱ्याच टीव्हींवर मुळात हळू लागतो, म्हणून आपण वाढवतो. मग साध्या स्टिरिओचं दुसरं चॅनल लावलं की भडका. बॉक्समध्ये ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' करा. 'ऑटो' वर विसंबू नका. मागे वेगळे स्पीकर बसवलेली मोजकी घरं सोडली तर बहुतेकांचं यात फारसं नुकसान नाही.

जाहिराती तरीही थोड्या मोठ्या वाटतील. त्यांचा सगळ्यात मोठा आवाज मॅचपेक्षा जास्त असेलच असं नाही, पण त्यांत एकही जागा शांत सोडलेली नसते, म्हणून सरासरी चढते आणि कानाला सरासरीच जाणवते. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मध्ये लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, एवढंच म्हणतो.

चाचणी चालू मॅचवरच घ्या: दोन षटकं आणि मधल्या जाहिराती. हायलाइट्सवर घेऊ नका, तिथे आवाज आधीच कापून-जोडून आलेला असतो. कबड्डी असेल तर उत्तम, पंचांची शिट्टी कानात घुसली नाही आणि लगेच पुढचं बोलणं ऐकू आलं, तर जमलं.

आता आपल्याकडच्या दोन खास गोष्टी. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना टीव्ही वाढवाल, सर थांबली की तोच आवाज अंगावर येईल. हा टीव्हीचा दोष नाही. अशा वेळी आवाज वाढवण्याआधी बेस कमी करा आणि 'क्लिअर व्हॉइस' असेल तर लावा. 29 जून 2024 च्या रात्री टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मिलरचा झेल सूर्यकुमारनं सीमारेषेवर टिपला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता, तरी समालोचनाचा शब्द न् शब्द ऐकू आला. पावसात चित्राचे चौकोन पडून आवाज तुटत असेल तर मात्र सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. डिशकडे येणारा सिग्नलच ढगात अडकलेला असतो.

दुसरी, खारी हवा. जुन्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि एका बाजूचा आवाज येतो-जातो. वीज बंद करून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दोनदा काढून घाला.

सगळं जुळलं की मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चतुर्थीला चाकरमानी येणार आहेत.